कैरीचं वरण

आज बायकोने वरणात कैरी टाकली आणि त्या आंबट वाफेसरशी मी थेट गडचिरोलीच्या दवाखान्यात पोहोचलो. मोडका पाय टांगून मी खाटेवर राजासारखा पडलो होतो. शेजारच्या खाटेवर जंगलातल्या गावचे एक म्हातारे, दोगेबाबा, मलेरियाने पिळून निघालेले. ताट आलं की तोंड फिरवायचे, सलाईन लावलं की उपटून टाकायचे. रक्तातली साखर उतरत चालली होती आणि नर्सबाईंचा चेहराही.

दुपारी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांच्या खाटेवरच बसल्या. "बाबा, घरी असता तर आज काय जेवला असता?"

मला तेव्हा त्या रिकाम्या गप्पा वाटल्या.

बाबांनी त्यांच्याकडे मान वळवली. मग पुटपुटले, "आंबा सोडून काईबी. गावात नव्या आंब्याचा सण, पंडुम, नाई झाला अजून. देवाले देल्याबिगर नवा आंबा कसा खाऊ? तुमी तं रोजच वरणात कैरी टाकून राह्यले."

बाई उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. बिनकैरीचं वरण आलं. बाबांनी वाटी नाकाशी धरून हुंगली. अख्खा वॉर्ड श्वास रोखून बघत होता, माझा घास हातातच राहिला.

"तू काऊन पाहून राह्यला बे?" बाबा माझ्यावर खेकसले. "जेव ना."

आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.