अंगणातला चहा

दर्यापूरकडच्या एका गावात शालू आशाताई झाली, तेव्हा कुणाच्या दारात थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. सरळ चुलीपर्यंत जायची, भाजीवरचं झाकण उचलायची, वर मिठावरून बोलायची. गरोदर बाईनं गोळ्या खाल्ल्या नसतील तर सासूसकट सगळ्यांना फैलावर घ्यायची. बाया कुरकुरायच्या, पण कळा सुरू झाल्या की आधी तिलाच बोलवायच्या.

करोनानंतर मात्र ती कुणाच्या उंबऱ्याआत गेली नाही. बाळाचं वजन असो की औषधं, सगळं अंगणात. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा ओट्यावर बसून यायची. लोकांना वाटलं, बाईला मिजास आली.

कारण होत्या गावातल्या म्हाताऱ्या पार्वताबाई. साथीत घरोघर ताप मोजत फिरणाऱ्या शालूला लोक दुरूनच हाकलायचे. पार्वताबाई तेवढ्या आत बोलवायच्या. एकदा मास्क खाली करून तिनं त्यांच्याजवळ बसून चहा घेतला. त्याच आठवड्यात पार्वताबाई गेल्या. दारोदारचा आजार आपणच त्यांच्या घरात नेला, असं शालूच्या मनानं घेतलं. हे नवऱ्याला, ललितलाही, तिनं सांगितलं नाही. पुढे साथीतल्या कामासाठी तालुक्याला सत्कार झाला, तेव्हा शाल घेताना तिला रडू कोसळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा पार्वताबाईंच्या सुनेला, अपेक्षाला, मुलगी झाली. शालूनं अंगणातच बाळाचं वजन केलं. अपेक्षा चहा घेऊन आली, आत चला म्हणून मागेच लागली. शेवटी शालूचा बांध फुटला.

"तुही सासू माह्यापाई गेली वं. तो आजार म्याच आणला या घरात."

अपेक्षा बाळाला घेऊन खालीच बसली. "ताई, बुढीले आदीच ताप होता. तुमाले समजलं तं तुमी दवाखान्यात नेसान, अन् तिथून कोनी वापस येत नाही, असं म्हने. तुमी ताप मोजू नये म्हनून त्या दिवशी तुमाले चहाले बसवलं. आमीबी गप रायलो."

शालूला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या दिवशी तिनं हाकलणाऱ्यांच्याही कपाळाला हट्टानं ताप मोजायचं मशीन लावलं होतं, फक्त पार्वताबाईंच्या नाही. आपल्याला चहा पाजणाऱ्या बाईवर कसला संशय घ्यायचा, म्हणून.

"म्या मोजाले पायजे होतं," ती म्हणाली.

अपेक्षानं रडत रडत बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. शालूनं आधी त्याच्या कपाळाला हात लावला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही.