पहिला फेरा मिरचीचा

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या आकाशात एकही विमान नव्हतं. उंद्रीहून चिखलीला जाणारी एसटी माळाजवळ आली तशी मी डाव्या खिडकीला सरकले. धावपट्टीभोवती नवीकोरी काटेरी तार ओढलेली होती, शेडला कुलूप होतं, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी बाही खांबावर निपचित लोंबत होती. शेजारी बाबा माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. ते मला चिखलीपर्यंत सोडायला आले होते. तिथून मी एकटी जालन्याला आणि जालन्याहून रेल्वेनं हैदराबादला जाणार होते, विमानतळावरच्या नोकरीच्या प्रशिक्षणाला.

"पोचल्यावर फोन करजो," बाबा म्हणाले. "अन् आपल्यासारखं जेवण भेटलं नाही त उपाशी राहू नोको. तिकडचं जे असंल ते खाय." मग खिडकीतून पट्टीकडे पाहत राहिले. "मले वाटे, इंगळे सर येतील तुले सोडाले."

"काम असेल त्यांना," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर ते आले नाहीत म्हणून मला हायसं वाटलं होतं. त्यांनी माझ्यासाठी एक शिक्षा स्वतःवर घेतली होती आणि मी त्यांना तोंड न दाखवता गावाबाहेर पडत होते. नऊ वर्षं झाली त्याला. तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या सगळ्यांना ती गोष्ट मी कधीच सांगितली नाही. आता सांगते.

पण आधी ती पट्टी सांगू द्या. डोळे मिटले की आजही मला ती तशीच दिसते. माळावर अंथरलेली एक लांब काळी सतरंजी, दोन्ही अंगांना कुसळी गवत, आणि हिवाळ्यातल्या सकाळी तिच्यावर गुडघाभर उंचीचं धुकं. कुठल्या तरी जमान्यात फवारणीच्या विमानांसाठी ती केली होती म्हणतात. आमच्या आठवणीत ती रिकामीच. इंगळे सर हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांनी कुठून कुठून परवानग्या आणल्या आणि चार हौशी माणसं जमवून उडण्याचा क्लब काढला. खामगावचे एक दातांचे डॉक्टर, मलकापूरचे कापसाचे एक जिनिंगवाले, भौतिकशास्त्राचे आमचे प्राध्यापक आणि सर. दोन आसनांची दोन हलकी विमानं. शनिवार-रविवार ती निघायची आणि ज्वारीवरून, कपाशीवरून इतकी हळू जायची की खालून हाक मारली तर थांबतील असं वाटायचं. धुक्यातून एक विमान वर आलं की दुसरं अजून खाली बुडालेलंच असे. आवाज दोघांचा, दिसायचं एकच.

आता आमच्या गावाचं म्हणाल तर डांबराची एवढी मोठी सपाट जागा मोकळी ठेवण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो. मिरचीच्या दिवसांत पट्टी लाल व्हायची. बाबांची मिरची, त्यापलीकडे हमीदा चाचीची, पुढे आणखी कोणाकोणाची. चाचीचे घरवाले गावातले शिंपी. विमानांसाठीची ती बाही त्यांनीच शिवलेली, अस्तराच्या भगव्या कापडाची, आणि मनगटाला चक्क कफ घातलेला. सरांनी कधी कोणाला मिरची उचला म्हटलं नाही. त्यांनी एक रीत पाडली. विमान परत आलं की आधी गावावरून, पट्टीवरून एक मोठा फेरा घ्यायचा. तो आवाज आला की बायका ताडपत्रीची टोकं धरून मिरची कडेला ओढायच्या. दुसऱ्या फेऱ्याला विमान उतरायचं. "पहिला फेरा मिरचीचा, दुसरा आपला," सर नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशीच सांगत.

चाची पदर खोचून ताडपत्री ओढता ओढता वर बघून ओरडायची, "इंगळे, हवाई जहाज है के मच्छर? अब्बी तो बैठी थी मैं!"

आणि खाली उतरल्यावर सर म्हणायचे, "चाची, पुढच्या वेळी चिठ्ठी पाठवून येतो."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी. एस्सी. झाले, निकाल चांगला लागला, आणि त्यानंतर काय करायचं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी मला बोलावून हातात एक रेडिओ दिला. वारा कुठून आहे, पट्टीवर काय आहे, एवढं विमानातल्या माणसाला सांगायचं. इंग्रजीत बोलताना माझे तळहात ओले व्हायचे. सर समोर खुर्चीवर बसून विमानातला माणूस व्हायचे आणि मला शंभर वेळा तेच विचारायचे. अशी एक नोकरी असते, तिची परीक्षा असते, तिला मुली बसतात, हे मला त्यांनीच सांगितलं. फॉर्मही त्यांनीच भरून घेतला. बाबा बाजारात वांगी विकता विकता लोकांना सांगायचे, "आपली पोट्टी हवेसंग बोलते." कोणी विचारी, "हवा काय म्हंते मंग?" तर बाबा म्हणत, "इंग्लिशमधी म्हंते, तुले नाही समजाचं."

ती परीक्षा मी पास झाले. मुलाखत झाली आणि अंतिम यादी लागायची राहिली होती. अशा एका फेब्रुवारीतल्या सकाळी बाहेरगावच्या एका क्लबचं विमान पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होतं. सर शेडमध्ये इंजिन उघडून बसले होते. मी एकटीच बाहेर, रेडिओ घेऊन. वैमानिकानं दहा मिनिटं आधी विचारलं, पट्टी कशी आहे? मी समोर पाहिलं. मिरची होती. मध्यभागी चाची वाकून झाडूनं मिरची सारखी करत होती. आणि मी म्हटलं, "रनवे क्लिअर."

मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे क्लिअर म्हणजे तेच. तो फेरा घेईल, बायका ओढतील, पट्टी मोकळी होईल. फेरा न घेणारं विमान मी पाहिलंच नव्हतं. त्या माणसाला मिरची माहीत नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की खालून एक मुलगी क्लिअर म्हणते आहे. तो सूर्य डोळ्यांत घेत, फेरा न मारता सरळ आत आला.

मी ओरडले ते आठवतं. सर शेडमधून हात हलवत धावले. चाची वळली आणि जागच्या जागी ताडपत्रीवर आडवी झाली. विमानानं शेवटच्या क्षणी अंग चोरलं, एक चाक मिरचीतून गेलं, आणि ते गवतात जाऊन नाकावर टेकलं. मग सगळीकडे लाल धूळ उठली. फार सावकाश, सुंदर म्हणावी अशी. तिच्यात आम्ही सगळे शिंकत होतो, डोळे पुसत होतो, आणि कोण रडतंय आणि कोणाच्या डोळ्यांत मिरची गेली आहे ते कळत नव्हतं. वैमानिकाचं मनगट मोडलं. चाचीचा गुडघा सुजला. ती खोकत खोकत उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "बोर्ड पढना नै आता क्या इसको?" तिथे कधीच बोर्ड नव्हता.

आठवड्यानं चौकशीला दोन साहेब आले. वैमानिकानं लिहून दिलं होतं की रेडिओवर बाईचा आवाज होता. शेडमध्ये आम्ही सगळे उभे होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "बोलली ती. पण सांगितलं मी. मी शेजारी उभा होतो, क्लिअर सांग म्हटलं, तिनं सांगितलं."

साहेबांनी मला विचारलं, "यांनी सांगितलं होतं?"

अंतिम यादी त्याच आठवड्यात लागणार होती. बाबा दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, "हो."

एवढंच. सरांचा विमान शिकवण्याचा परवाना गेला. क्लब बंद झाला, विमानं कोणी दुसऱ्यानं नेली, आणि पट्टीला तार आली. माझं नाव यादीत आलं. गावात पेढे वाटले. बाबा म्हणाले, "सरांले पहिले देऊन ये." मी पेढ्यांचा पुडा शेजारच्या पोराच्या हाती पाठवला.

आज मी कोइमतूर विमानतळाच्या मनोऱ्यात काम करते. उंच काचेची खोली, कानाला हेडसेट, समोर खऱ्या मोठ्या विमानांची रांग. इथल्या भाषेत मला आता बरंच बोलता येतं. भाजीवालीशी घासाघीस करता येते, सांबारात गूळ नको म्हणता येतं. शिफ्टमधली मुलं मला अक्का म्हणतात. मी पट्टीकडे बघते ती जरा जास्तच वेळ बघते, अशी माझी ख्याती आहे. एक जण हसत म्हणतो, "अक्का, एक पक्षी राहिलाय बघा, त्याचंही नाव विचारून घ्या." मीही हसते. पाऊस नसलेल्या सकाळी, डोंगरावरून उजेड उतरताना, ती लांब काळी पट्टी कधी कधी लाल होते आणि मग पुन्हा काळी होते. त्या क्षणी मी कुठे आहे ते मला नीट सांगता येत नाही.

दर सुट्टीत मी गावी गेले. दर वेळी बाबा म्हणायचे, "एकडाव भेटून त ये सरांले. चिखलीले मोटारपंपाचं दुकान टाकलं त्यायनं." मी म्हणायचे, पुढच्या वेळी. माझ्या हाताखाली आता नवी मुलं शिकायला येतात. परवा त्यांच्यातल्या एका मुलीनं चूक केली आणि लगेच, सगळ्यांसमोर, "माझी चूक" म्हटलं. बावीस वर्षांची आहे. त्या रात्री मी गावचं तिकीट काढलं.

दुकान लहान आहे. सर जमिनीवर बसून एका पंपाचं तांब्याचं वेटोळं भरत होते. केस पूर्ण पांढरे. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले.

"बस," म्हणाले. "तो स्टूल हालते, भिंतीले टेकव."

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "सर, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मीबी बोललो."

"तुम्ही माझ्यासाठी बोललात. मी..."

"हे पाय," त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मी काही उपकार नाही केले. तुही चूक कशी झाली ते मले मालूम व्हतं. तो फेरा माहीच रीत व्हती. बाहेरच्या माणसाले ते सांगाचं काम माहं, ते मी नाही केलं. म्हून म्हनलं मी." मग तारेचं एक टोक बोटाभोवती गुंडाळलं. "पन मले वाटलं, संध्याकाळी येशील. म्हनशील, सर, असं नोको. मी तुले वापस पाठवलं असतं, जाय म्हनलं असतं. पन तू येशील वाटलं. दुसऱ्या दिवशीबी वाटलं. एसटीतून गेली त्या दिवशी मी फाट्यावर नाही आलो, काऊन की मंग तुले तोंड लपवा लागलं असतं."

मला रडू आलं. ते माझ्याकडे बघत राहिले, समजूत घातली नाही. ठीक आहे म्हणाले नाहीत. मी त्यांना सांगितलं की मी त्या चौकशीच्या कार्यालयाला पत्र लिहिलंय. सर शेजारी नव्हते, मला कोणी काही सांगितलं नव्हतं, असं. फक्त अजून पाठवलं नाही.

"नोकरीचं काय व्हईल?"

"माहीत नाही."

"पाठव मंग," ते म्हणाले. "पन मिरचीचंबी लिहिजो. नाहीतर लोक म्हनतील, ह्या पोट्टीले दिसत नोतं."

संध्याकाळी चाचीकडे गेले. तिचा गुडघा थंडीत अजून दुखतो. मी त्या दिवशी काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि हे मला केव्हाच ठाऊक असेल, असं तिला वाटत होतं. "क्या छुपा था उसमें? इंगळे तो शेड में से दौडता आया, मैं देखी. और तू 'हो' बोली तब तेरा बाप दरवाजे में खडा था ना," ती म्हणाली. घरी आल्यावर बाबांकडे मी पाहिलं. ते अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

नऊ वर्षं मी समजत होते की गावापासून मी काहीतरी लपवून ठेवलं आहे. खरं तर गावच मला ते सांगत नव्हतं.

पत्रात मिरचीचंही लिहून मी ते पाठवलं; त्याचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. हे मी कोइमतूरला, शिफ्ट संपवून, खोलीत बसून लिहिते आहे. खाली कोणीतरी तमिळमध्ये मुलाला जेवायला बोलावतंय आणि ते मला अर्थ न लावता कळतंय. इथेही माझं बरं चाललंय. पण घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी त्या दुकानाचं नाव सांगेन, जिथे मला माफी मिळाली नाही आणि तरी उठताना सर म्हणाले, "पुढच्या डावी सांगून येजो. मी दुकान लवकर बंद करीन."