गनीभाईचा कायदा अन् सुदानचा चहा

अमडापुरात भांडणाला तोटा नाही. शेताच्या धुऱ्याचं भांडण, विहिरीच्या पाळीचं भांडण, सांडपाण्याच्या नालीचं भांडण. अन् काहीच नसलं, तर लोक मागच्या साली मिटलेलं भांडण पुन्हा गरम करून खातात. ही भांडणं तोडायला गावानं एक माणूस ठरवूनच ठेवला होता. अब्दुल गनी, गाद्यावाले. ना सरपंच, ना पाटील. बाजारात गाद्या भरायचं दुकान, भुवयांत कायम कापूस अडकलेला. पण हा माणूस दोन भावांच्या मधात जाऊन बसला की हातातल्या काठ्या भिंतीला टेकायच्या.

कारण गनीभाईंचा कायदा. दोन्हीकडून बोलावणं आल्याशिवाय मधात पडायचं नाही, अन् भांडण तुटेपर्यंत दोघांपैकी कोणाच्याच घरचा चहा प्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. "चहा पेला का माणूस अर्धा इकल्या जाते," असं ते म्हणायचे. मे महिन्याच्या उन्हात जीभ टाळूला चिकटली तरी हा बाबा घोटभर पाणी घ्यायचा नाही. हट्टीच होते जरा. जरा काय, चांगलेच होते.

एकदा मोतीराम अन् उकंडराव या सख्ख्या भावांचं विहिरीवरून पेटलं होतं. गनीभाई मधात बसले होते, अन् त्यांचा तौसिफ, तेव्हा लहान, बापामागं लुडबुडत आला होता. मोतीरामच्या बायकोनं मायेनं पोराच्या हातात चहाची बशी दिली. पोरानं ती तोंडाला लावली मात्र, गनीभाईंनी सगळ्यांदेखत अशी थोबाडीत ठेवून दिली की बशी अंगणात जाऊन फुटली. उकंडरावनं ते पाहिलं अन् म्हणाला, "बस, गनीभाई. आता तुमी म्हणान ते मान्य." भांडण तुटलं. गावानं गनीभाईंची वाहवा केली. पोराच्या गालाकडं कोणी पाहिलं नाही. पोरगा मात्र तो धडा विसरला नाही. भांडण कोणाचंही असो, तिथं तौसिफ पाण्याला शिवायचा नाही. गनीभाई ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगत.

तोच तौसिफ पुढं आयटीआय करून सुदानला गेला, खार्तूम शहरात, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीवर. हाशिम नावाच्या एका म्हाताऱ्या रोटीवाल्याच्या घरात त्यानं खोली घेतली होती. हाशिमला तीन मुली. म्हातारा याला पोरासारखा वागवायचा. सगळं बरं चाललं होतं, अन् रमजानच्या शेवटी शेवटी तिथं लढाई पेटली. देशाचे दोन जनरल. कालपर्यंत एका ताटात जेवणारे, अन् आज शहराच्या छाताडावर एकमेकांवर तोफा डागत होते. मधात माणसं राहतात, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

अमडापूरच्या बाजारात या लढाईची चर्चा चवीनं सुरू झाली. लोकांना काय, बातमी पाहिजे. गनीभाईंच्या दुकानासमोर उकंडराव येऊन बसला अन् खवचटपणे म्हणाला, "काय गनीभाई, हेबी भावाभावाचंच हाये. बाहेरच्या देशायनं मधात पडाव का नाई?"

गनीभाईंचा पोरगा तिथं अडकलेला, तरी त्यांनी कायदा सोडला नाही. सुई गादीत खुपसत म्हणाले, "नाई पडाव. दोघायनं बोलावलं काय? नाई. अन् जे मोठे देश पडतीन म्हणते, त्यायनं कोणाचा चहा पेला नाई ते सांग. कोणाले सोनं पाह्यजे, कोणाले बंदर. असे पंच घरात घेतले तं भांडण तुटत नाई, घर तुटते."

देवानंद शेजारीच बसला होता. देवानंद म्हणजे गनीभाईंचा शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून रिटायर झालेला. सुदानच्याच दक्षिणेला निळी टोपी घालून युनोच्या शांतिसेनेत राहून आलेला. त्याला राहवलं नाही.

"तू गाद्या भर बे," तो म्हणाला. "म्या पाह्यलं हाये तठी. मांगून गोळ्या चालून राह्यल्या अन् बाया लेकरं घेऊन आमच्या कॅम्पच्या फाटकावर. फाटक उघडलं म्हणून वाचले. त्यायले काय इचारू, दोघाय जनरलचं बोलावणं आणलं का म्हणून?"

"अन् फाटकाच्या बाहेर राह्यले ते?"

देवानंद हळूच म्हणाला, "ते मेले. आमाले बाहेर जाऊन गोळी चालवाचा हुकूम नव्हता."

"पाय मंग! अर्ध्यात पडले तुमी."

"हाव, अर्ध्यात पडलो. पण अर्धे तं वाचले ना बे!"

गनीभाईंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला. घरी गेले की मात्र सगळा कायदा गळून पडायचा. नूरजहां, त्यांची बायको, नमाजाच्या चटईवरून उठतच नव्हती. "अमेरिका पडो, अरब पडो, नाईतं सैतान पडो," ती ओरडली, "माह्या पोराले काढा! तुमचा कायदा चुलीत घाला!" ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गनीभाईंचंही जळतच होतं, पण पुरुषमाणसानं दाखवायचं कसं? ते परसात जाऊन तोंड धुवायचे, पुन्हा पुन्हा.

तौसिफचा फोन लागला तर लागायचा. लागला की मागून धडाड् धडाड् आवाज. दिवस दिवस तो अन् हाशिमच्या घरचे रोटीभट्टीमागच्या पिठाच्या कोठीत बसून असायचे. पाणी संपत आलं होतं. ईद कधी आली अन् कधी गेली, घरात कोणाला कळलं नाही. शिरखुर्मा कोणी केला नाही, अन् शेजाऱ्यांनी आणून दिला तो तसाच राहिला.

मग बातमी आली. बाहेरच्या देशांनी दोन्ही जनरलला फोन करून करून काही दिवस बंदुका थांबवायला लावल्या होत्या. परदेशी माणसांना बाहेर काढायचं होतं. आपल्या सरकारच्या बसगाड्या निघणार होत्या, अन् तिथून पुढं बंदरावर जहाज. फक्त बस उभी राहणार होती ती जागा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हाशिम म्हणाला, मी माझ्या गाडीनं सोडतो.

"अब्बा, निंघून राह्यलो," तौसिफ म्हणाला. "अम्मी म्हणते फोन चालू ठेव. खिशात ठेवतो. तुमी बोलू नका फक्त."

दुपारची वेळ. दुकानात गनीभाई अन् देवानंद, मधात गादीवर फोन; नूरजहां घरी दुवा मागत बसलेली. बंद पंख्याखाली दोघं घामानं निथळत होते. फोनमधून गाडीची घरघर, कुठं तरी कुत्र्याचं भुंकणं. मग ब्रेक लागला. गाडी थांबली. माणसांचे आवाज आले, पुष्कळ, अन् मोठमोठ्यानं हसणं.

"नाका हाये," देवानंद कुजबुजला. "कोणाच्या पार्टीचा हाये काय माहीत."

अरबीत काही बोलणं झालं. गनीभाईंना नमाजेतली अरबी पाठ होती, बोलण्यातली कळत नव्हती. त्यांनी देवानंदचा हात धरला. "काय म्हणते बे?"

देवानंदनं कान लावला. "शाय... शाय म्हणजे चहा. चहा पाजून राह्यले त्यायले." त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "चांगलं हाये. पाव्हणा म्हणून चहा देते ते लोक. घेतला का सोडते."

गनीभाईंचा जीव भांड्यात पडला. चहाच तर आहे! अन् पुढच्याच क्षणी त्यांच्या पाचावर धारण बसली. फोनमधून तौसिफचा आवाज आला, अदबीनं, स्पष्ट: "ला, शुक्रन."

ला. हा शब्द गनीभाईंना कळत होता. कलम्याची सुरुवातच त्यानं होते. ला म्हणजे नाही.

"काऊन नाई म्हणून राह्यला तो?" देवानंद चमकला. "गनी, घ्याले पाह्यजे! नाई म्हटलं तं त्यायले वाटते, का हा दुसऱ्या पार्टीचा!"

काऊन? ते गनीभाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? दोन जण भांडून राहिलेत, अन् त्यातल्या एकाच्या हातचा चहा. पोरगा कसा पिणार?

फोनमध्ये पुन्हा तेच विचारणं झालं, या वेळी हसू नव्हतं. पुन्हा तौसिफचं "ला". मग गाडीचं दार धाडकन उघडलं. कोणीतरी खेकसलं. पाठोपाठ लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज आला. देवानंदनं उभी हयात बंदुकीचा तो आवाज ऐकला होता, त्याला सांगावं लागलं नाही, अन् त्याचं तोंड पाहून गनीभाईंनाही सांगावं लागलं नाही.

"पी बे!" गनीभाई फोनवर झेपावले. "पी, बेटा, पेऊन घे, म्या सांगतो..."

देवानंदनं त्यांना गादीवर आडवं पाडलं अन् तळहातानं तोंड दाबून धरलं. "मराच हाये का त्याले? खिशातून पराई जबान निंघाली तं जासूस म्हणून तठीच उडवतीन! चूप! एकदम चूप!"

साठीच्या घरातले दोन म्हातारे गादीवर एकमेकांवर पडलेले, अन् शेजारी फोनमधून पोराचं मरण येऊ घातलेलं. देवानंदच्या हाताखाली गनीभाई रडत होते, आवाज न करता. ती थोबाडीत त्यांच्याच हाताला आता झोंबत होती. या अल्लाह, पोराला कायदा शिकवला, तो कुठं मोडायचा हे का नाही शिकवलं?

मग हाशिमचा आवाज आला. म्हातारा गडबडीनं बोलत होता, आर्जवानं, मधूनच खोटं खोटं हसत. त्यातले दोन शब्द गनीभाईंनी पकडले. साइम. शव्वाल. म्हातारा सांगत होता की पोरगा रोज्यानं आहे, ईदनंतरचे शव्वालचे रोजे धरतोय, म्हणून चहा घेत नाही. सपशेल खोटं! कोणीतरी "माशाल्लाह" म्हणालं. तेवढ्यात फोन कट झाला.

पुन्हा लावला. लागला नाही. दिवसभर लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोराला सोडलं की गाडीतून ओढलं, काही कळायला मार्ग नव्हता. नूरजहांला त्यांनी नाक्याचं सांगितलं नाही. ती विचारायची, हे म्हणायचे, "रेंज नाई." उकंडराव दुकानावरून गेला, थांबला, पण या वेळी काही न विचारता निघून गेला. गनीभाईंनी एकही गादी शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून आवाज आला. "अब्बा, जहाजात बसलो."

नूरजहां जमिनीवर बसली ती हसतच सुटली, अन् हसता हसता रडायला लागली.

शेगाव स्टेशनावर देवानंद जाऊन त्याला घेऊन आला. घर माणसांनी भरलं. मोतीराम आला, उकंडराव हार घेऊन आला. तौसिफ वाळून कोळ झाला होता. हार त्यानं काढून ठेवला.

"चाला, बाहेरचे मधात पडले म्हणून पोरगा घरी आला," देवानंद गनीभाईंकडं पाहत म्हणाला. "आता तरी मान बे."

गनीभाई मान हलवणार, तोच तौसिफ बोलला. "मधात पडले ना, काका. आमाले काढासाठी पडले. साऱ्या देशायचे फोन गेले तं दोघाय जनरलनं ऐकलं. आमी निंघेपर्यंत जरा गुमान राह्यले. आमी जहाजात चढलो अन् तठी पुन्हा सुरू." तो गनीभाईंकडं वळला. "म्हणजे थांबवता येत होतं. येत होतं ना, अब्बा? आमच्यासाठी आलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हाशिम होता. गनीभाईंनी हात पुढं केला अन् फोन कानाला लावला. पलीकडं तेच धडाड् धडाड् चालू होतं. म्हातारा काहीतरी विचारत होता. गनीभाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. तौसिफ ऐकून म्हणाला, "इचारते, पोरगा पोहोचला का."

"पोहोचला म्हण," गनीभाई म्हणाले. "अन् इचार त्याले, तुह्यासाठी काय करू."

हाशिम पलीकडून खोकत हसला. तौसिफ थांबत थांबत सांगू लागला. "तो म्हणते, एखादा परदेशी अठी राहून गेला असन तं त्याले घ्याले एक बस पाठवा. रिकामी आली तरी चालन. बस रस्त्यात हाये तोवर माह्या पोरी झोपतीन."

गनीभाईंनी दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. "त्याले सांग," ते म्हणाले, अन् त्यांचा आवाज सगळ्या घरात गेला, "म्या माह्या गावात उभी जिंदगी भांडणं तोडली. तू माह्या गल्लीत असता तं बोलावणं नसतं तरी म्या मधात पडलो असतो. काठ्यायच्या खाली पडलो असतो."

तौसिफनं ते मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. पलीकडच्या स्फोटांतून म्हातारा दोनच शब्द बोलला. तौसिफनं बापाकडं पाहिलं अन् खाली मान घातली.

"काय म्हणे?"

"म्हणते, या मंग."