मातीची मानाची जोडी

बैलांच्या शिंगांना लावायच्या हिंगुळाचा वास आला की मला लम्पीच्या साथीतला पोळा आठवतो. सिन्नरकडच्या आमच्या गावाच्या शेजारच्या गावात गुरांच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. आमच्या बैलांना लस टोचून जेमतेम आठवडा झाला होता आणि आणखी दोन आठवडे त्यांना बाहेर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गावातली मानाची जोडी आमची. ती पुढे लागल्याशिवाय मिरवणूक हलत नसे. दुपारी वाजंत्री दारात आली, मागे अर्धं गाव. आई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. माश्या येऊ नयेत म्हणून आत कडुलिंबाचा धूर केलेला, त्याने तिचे डोळे लाल झालेले. चुलतकाका म्हणाले, "वहिनी, आपल्या गावात कुठं हाय रोग?" "नाय ना? मग आणायला कशाला जायचं?" "मान जाईल तुमचा!" "जाऊ द्या. बैल गेले तर नांगराला तुम्हाला जुंपू का, भाऊजी?" वाजंत्री थांबली. आई घरात गेली, देवापुढे पुजलेले मातीचे बैल पाटावर घेऊन आली आणि पाट काकांच्या हातात दिला. "ही घ्या मानाची जोडी. हिला माशी चावत नाय." त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढे काका चालले, हातात पाट धरून. आता मी गावोगाव गुरांना लस टोचत फिरते. पोळ्याला बैल मिरवायचेत, आता लस नको, असं म्हणत कुणी गोठ्याचं दार अडवलं, की त्या मातीच्या जोडीतला एक शिंग मोडलेला बैल पिशवीतून काढून त्याच्या उंबऱ्यावर ठेवते आणि सुई भरायला घेते.