गोठ्यावरचा उत्कृष्ट कामगार

आमच्या फौंड्रीत समाजसेवा माझ्या गळ्यात पडली ती मी बाई आहे म्हणून. पर्सोनेलला आम्ही चौघं, तीन बापे आणि मी. पुण्याहून आलेल्या सल्लागारानं मीटिंगमध्ये समजावून सांगितलं की आता कायद्यानं नफ्यातला वाटा समाजासाठी खर्च करावा लागतो, त्याला सीएसआर म्हणतात आणि त्याचा सचित्र अहवाल लागतो. धाकट्या मालकांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "मॅडम, तुमचं मराठी चांगलंय. आणि लेडीजना हे जमतं." झालं! त्या दिवसापासून कंपनीची दयामाया माझ्या टेबलावर.

आता मी तिथं नाही, म्हणून एवढं तोंड वर करून लिहितेय. नोकरीत असताना काय दिवे लावले तेही सांगणार आहे.

सल्लागार जाता जाता एक गोष्ट बजावून गेला. "कामगारांवर केलेला खर्च यात धरता येत नाही हं." कामगार म्हणजे आपलेच, आपल्यांसाठी केलं तर ती समाजसेवा कशी, असा हिशेब. नियम म्हणून वाईट नाही. पण आमच्या मालकांनी त्यातून सोयीचा तेवढाच अर्थ उचलला. कामगारांवर खर्च करून कौतुक होत नसेल तर करायचा कशाला?

फेटलिंगला धूळ ओढणारं यंत्र होतं, ते कधीचं बंद पडलेलं. साच्यातनं निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते, कडा वेड्यावाकड्या असतात. ते सगळं ग्राइंडर लावून साफ करायचं म्हणजे फेटलिंग. तिथं दुपारी बाराला सुद्धा समोरचा माणूस नीट दिसायचा नाही. माणसं तोंडाला टॉवेल गुंडाळून उभी. यंत्राच्या दुरुस्तीचा कागद दरवर्षी वर जायचा आणि "पुढच्या वर्षी बघू" असा शेरा घेऊन खाली यायचा. त्याच काळात आम्ही गडमुडशिंगीपासून आसपासच्या गावांत सिमेंटची बाकडी वाटत सुटलो होतो. एसटी स्टॉपवर बाकडं, देवळापुढं बाकडं, स्मशानात चार बाकडी, आणि प्रत्येकाच्या पाठीवर 'सौजन्य' म्हणून कंपनीचं नाव. मेलेल्या माणसाला पोचवायला आलेल्यांनी सुद्धा आमचं नाव पाठीला लावून बसायचं. काय ही हौस!

ज्याच्याबद्दल हे सगळं लिहितेय तो माणूस फेटलिंगलाच होता. गडमुडशिंगीचा, चाळिशीचा, घरी दोन म्हशी. धारा काढून सायकलवरनं फौंड्रीत यायचा. ठेकेदाराकडचा, पण नऊ वर्षं आमच्याच गेटमधनं आत आणि बाहेर. कधी माझ्या टेबलापाशी आला तर दारातच चप्पल काढायचा. मी दहा वेळा सांगितलं, राहू द्या हो. "असू दे की मॅडम, धूळ लागंल," म्हणायचा.

एका सुरक्षा सप्ताहात मालकांना वाटलं की एका कामगाराचा मोठा फ्लेक्स गेटवर लावावा. कोल्हापुरात फ्लेक्स लागला नाही तर घटना घडलीच नाही असं समजतात. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, कुणी नवी गाडी घेतली तरी फ्लेक्स. फोटोसाठी त्याला निवडलं, कारण तो दिसायला रुबाबदार आणि मिशी झकास. स्टोअरमधून नवं हेल्मेट आणि नवा मास्क काढला. फोटोग्राफर म्हणाला, "पावणं, मास्क खाली घ्या, तोंड दिसंना झालंय." त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि हसला. खालचा मजकूर माझा: 'आमचे हात, आमचा अभिमान. फेटलिंग विभागातील उत्कृष्ट कामगार.' खाली त्याचं नाव, त्याखाली कंपनीचं. फोटो झाल्याबरोबर स्टोअरवाल्यानं मास्क परत घेतला. रजिस्टरला लागतो म्हणे.

सप्ताह संपल्यावर फ्लेक्स उतरवला तेव्हा तो संकोचत आला. "मॅडम, ह्यो मला देताय का? गोठा गळतोय." आमच्याकडं जुन्या फ्लेक्सची हीच वाट ठरलेली, वैरणीवर नाहीतर गोठ्यावर. मी दिला. तो एवढा खूष झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी आरोग्य शिबिराची टूम निघाली. छातीचा एक्स-रे काढणारी व्हॅन भाड्यानं आणायची आणि गावातल्या शेतकऱ्यांची फुकट तपासणी करायची. धाकट्या मालकांनी गुरुजींना फोन करून शुभ दिवस काढला, तो नेमका पौर्णिमेचा. मी कॅलेंडर दाखवून म्हटलं, "सर, पौर्णिमेला निम्मं गाव नृसिंहवाडीला जातं." तर म्हणे, "मग चांगलंच की, दत्ताचा आशीर्वाद लाभेल." इथंच जन्मलेला, इथंच वाढलेला माणूस, पण पौर्णिमेला आपली माणसं कुठं असतात याचा पत्ता नाही.

शिबिराच्या दिवशी दहा वाजता गावच्या शाळेत मांडव होता, खुर्च्या होत्या, व्हॅन होती, डॉक्टरीण होती. रुग्ण म्हणून चार म्हातारे, तेही चहासाठी. अकराला मालक फोटोला येणार. आमच्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं ठेकेदाराला फोन लावला आणि अर्ध्या तासात फेटलिंगची आख्खी पाळी टेम्पोत घालून आणली. शाळेच्या नळावर त्यांची तोंडं धुतली. लाभार्थ्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या टोप्या त्यांच्या डोक्यावर चढवल्या. धुऊनसुद्धा कानाच्या पाळ्यांमागं काळं राहिलेलंच. सोंगाड्यांचा फड बरा म्हणावा असा तो देखावा होता.

अर्ज मी भरत होते. 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. मॅनेजर खेकसला, "शेतकरी टाका सगळ्यांना! कामगार लिवलं तर त्यो पुण्याचा सल्लागार शिबिराचा खर्चच उडवून लावंल." मी टाकलं. एकामागं एक, वळणदार अक्षरात, शेतकरी, शेतकरी, शेतकरी. माझ्या अक्षराला शाळेत बक्षीस होतं.

त्याचा एक्स-रे डॉक्टरीणबाईनं दोनदा बघितला. वयानं लहान, पण नजर तयार. "काका, काम काय करता तुम्ही?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगते त्यावर तो बोलणार होता. त्याच्या मागं मॅनेजर उभा होता आणि मालकांची गाडी नुकतीच आत वळत होती.

"शेती," मी म्हटलं. "दोन म्हशी पण आहेत."

"शेतीत एवढी धूळ?"

"मळणीला असते ना."

म्हशींचं कुणी विचारलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याची जीभ अशीच गरजेपेक्षा जास्त चालते. ती बाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "काका, बिडी सोडा." तो म्हणाला, "मी ओढत न्हाय." तिनं चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलं. त्यानं चिठ्ठी टोपीत ठेवली. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी टोप्या जमा झाल्या आणि तो परत ग्राइंडरवर.

अहवालात मी 'बळीराजाच्या श्वासासाठी' असा मथळा दिला. मालकांना फार आवडला. कुठल्याशा समारंभात त्यावर ढाल मिळाली आणि ती रिसेप्शनला काचेत ठेवली. मी त्या ढालीसमोरून दीड वर्ष रोज गेले. एकदाही थांबून म्हणाले नाही की तो माणूस अजून आत धूळ खातोय. पोटापुढं सगळे मूग गिळतात, असं स्वतःला सांगायचे. पोट त्यालाही होतंच की.

दीड वर्षानं तो सायकल हातात धरून चालत यायला लागला. मग गावापासून गेटपर्यंत दोनदा बसायला लागला, आमच्याच बाकड्यांवर. मग ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. मोठ्या दवाखान्यात निदान झालं की छातीत वाळूची धूळ बसलीय, ती आता निघत नाही. त्यानं सरकारी कामगार कार्यालयात अर्ज केला. फेटलिंगला होता हे ठरलं तर औषधपाण्याची आणि भरपाईची जबाबदारी कंपनीवर येणार होती. नाही ठरलं तर तो नुसता खोकणारा शेतकरी. ठेकेदाराच्या मस्टरवर त्याचं नाव सापडेना. कंपनीनं हात झटकले, हा माणूस आमचा नव्हेच. पुरावा म्हणून काय जोडलं? शिबिराचा अर्ज. व्यवसाय, शेतकरी. आणि अर्ज मी भरलेला, म्हणून सुनावणीला फाईल घेऊन मलाच धाडलं. "फक्त अक्षर माझं म्हणायचं, बाकी बोलायचं नाही," मॅनेजर म्हणाला.

कार्यालयात तो भिंतीला टेकून बसला होता. मिशी तीच, माणूस अर्धा. शेजारी त्याची बायको, काखेत दोरीनं बांधलेली भली मोठी गुंडाळी. साहेबांनी विचारलं, "कंपनीत होता याला काही पुरावा?" तिनं दोरी सोडली आणि गुंडाळी फरशीवर पसरली. खोलीत शेणाचा वास सुटला. एका कोपऱ्याला भोक, मधे कावळ्यांची घाण. पण मास्क हनुवटीखाली घेऊन तो हसत होता आणि खाली नाव, विभाग, कंपनी, सगळं धडधडीत.

"गोठ्यावरनं म्या सकाळी काढला सायेब," ती म्हणाली. "म्हशी उघड्यावर हाईत."

साहेबांनी एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा अर्जाकडं. "मॅडम, हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

"आणि हा मजकूर?"

"तोही मीच."

"मग एकात कामगार, एकात शेतकरी. खरं कुठलं?"

मी उत्तर द्यायच्या आत तोच धापा टाकत बोलला. "सायेब, मॅडमास्नी कशाला तरास... चुकून लिवलं आसंल." मला वाचवायला निघाला होता, ज्याला दोन शब्द बोलायला तीनदा थांबावं लागत होतं तो! स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

"चुकून नाही," मी म्हटलं. "फ्लेक्स खरा आहे. अर्ज खोटा आहे आणि तो मी जाणूनबुजून लिहिलाय. नऊ वर्षं ते फेटलिंगला होते. शिबिराच्या दिवशीसुद्धा पाळीवरनंच आणलं होतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. फ्लेक्स पुरावा म्हणून ठेवून घेतला. निकाल त्याच्या बाजूनं लागेल असं तेव्हाच दिसत होतं, आणि पुढं लागलाही. बाहेर जिन्यावर त्याची बायको त्याला एकेक पायरी उतरवत होती, तेव्हा मी दुसरा दंड धरला. मला वाटत होतं, ती निदान एक बरा शब्द बोलेल. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

खाली आल्यावर ती थांबली. आवाज चढवला नाही.

"मॅडम, त्या डॉक्टरीणबाईनं इचारलं तवाच तुमी ह्ये बोलला असता तर ह्यास्नी त्या धुळीतनं उठवलं असतं का न्हाय?"

तो कठड्याला धरून श्वास गोळा करत होता. मी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "व्हय."