खुंटी कोरडी होती

फोन आला तेव्हा मी कारंजाच्या बाजारात टरबुजांची पहिली खेप उतरवून चहा घेत होतो. गावातलाच एक जण बोलत होता, आवाज फाटलेला. "काका, नदी आली." माझ्या डोक्यावर ऊन असं की सडकेचं डांबर चपलेले चिकटे. मी म्हटलं, "माल निघाला का वर?" तिकडून आवाज आला, "काका, रामधनी दिसून नाई राह्यला." या गोष्टीले आता सव्वा महिना होऊन गेला. मी माल आधी विचारला आणि माणूस विचारलाच नाई. त्या फोन करणाऱ्यानं हे आजवर गावात कोणाले सांगितलं नाई. चांगला माणूस आहे तो. आमचं गावच चांगलं आहे. त्या चांगुलपणाचं काय झालं तेच लिहून राह्यलो.

माझी शाळा चौथीत सुटली. लेक म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहितो." मी म्हटलं, नको. नीट केलेलं नाई पाहिजे मले. शब्द माझे आहेत, अक्षरही माझंच.

रामधनी मले पहिल्यांदा भेटला त्याले तीसेक वर्षं झाली असतील. कारंजाजवळ हायवेच्या एका ढाब्यावर मी वांगी द्यायले जात होतो. तिथं भट्टीपाशी एक काळासावळा, लांब हाताचा गडी रोट्या लावत होता. ट्रकवर क्लीनर म्हणून उत्तरेकडून आला आणि ट्रक पुढं गेला तरी हा इथंच राह्यला. माझ्या गाडीत दोन टरबुजं होती. त्यानं एक उचललं, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, "ये बालू का नहीं है. मिट्टी का है." मले राग आला. माझ्या वावरातलं टरबूज, आणि हा मले शिकवते! मी म्हटलं, "तुले काय समजते रे रोट्या भाजणाऱ्याले?" तो हसला. त्याचं घराणंच नदीच्या रेतीत टरबूज-काकडी पिकवणारं. तिकडं मोठी नदी. एका वर्षी तिनं त्याच्या बापाले घेतलं, दुसऱ्या वर्षी घर घेतलं. म्हणून तो निघाला. "नदी से जितना दूर जा सकते थे, आ गए," म्हणाला. आणि मी शहाणा, त्याले नदीवर घेऊन आलो.

आमची नदी काही मोठी नाई. उन्हाळ्यात पोटरीभर पाणी, दोन्ही अंगाले पांढरी रेती, मधात एक बेट. माझं वावर काठाले लागून. रेतीत नाल्या खोदायच्या, शेणखत भरायचं, वारा अडवायले कापसाच्या पऱ्हाटीच्या ताट्या लावायच्या, हे सारं त्याचं काम. आम्ही याले डांगरवाडी म्हणतो. आमच्याकडं ती बंदच पडली होती. त्यानं पुन्हा उभी केली. पहिल्या वर्षीच टरबूज असं झालं की चिरलं तर आत साखर दिसे.

एका हंगामासाठी आला आणि राह्यला. गावानं त्याले ठेवून घेतलं. शाळेमागची पडीक जागा दिली, पोरांनी माती वाहिली, भिंती उभ्या झाल्या. फुलमती आली, त्याची बायको, ओठापर्यंत घुंगट. आठवड्यात बायांनी तिचा घुंगट कपाळावर आणला आणि भाकर थापायले बसवलं. तिची भाकर नकाशासारखी व्हायची. माझी बायको म्हणे, "फुलमतीबाई, हा कोणता मुलूख काढला व आज?" पुढं त्यांच्या पोराले बायको जवळच्या रोहण्याची, आमच्याच सोयऱ्यांतली केली, तर वरातीत अर्धं गाव नवऱ्याकडून आणि अर्धं नवरीकडून! रामधनी घरी फोन लावी तेव्हा ओरडून सांगे, "दक्खिन के लोग बहुत अच्छे हैं." आम्ही हसायचो. दक्खिन म्हणजे आम्हाले वाटे मद्रास. आम्ही कोणाचे दक्खिन आहो हे तीस वर्षांआधी कोणाच्या ध्यानात नव्हतं.

पण एक गोष्ट मले तेव्हाही खटके. हा माणूस गावाले कधी नाई म्हणत नसे. कोणाचं छप्पर, कोणाची विहीर, कोणाचं मयत… हाक मारली की हजर. मी एकदा म्हटलं, "काऊन मरून राह्यला रे सगळ्यांसाठी?" तर म्हणे, "भैया, जिसने जगह दी, उसको ना कैसे बोलें?" मले ते ऐकून बरं वाटलं होतं. आता नाई वाटत.

आता खुंटीचं सांगतो. रोज सकाळी वाडीत आला की तो आधी पाण्याच्या काठाशी, अगदी पाणी जिथं संपते तिथं, हातभर खैराची खुंटी ठोके. तिच्या डोक्याले लाल चिंधी, लांबून दिसावी म्हणून. मग दिवसभर काम करता करता तिकडं नजर. खुंटीचं बूड भिजलं की वाडी सोडायची. आपल्या डोक्यावर ऊन असो की काही असो. त्याचं म्हणणं, पाऊस वर कुठंतरी पडते, ते आभाळ आपल्याले दिसत नाई, नदी आधी बोटभर चढून इशारा देते आणि मग येते. गावातले म्हणत, "रामधनीनं नदीवर चौकीदार बसवला." पाचव्या वर्षी खरंच भर उन्हात खुंटी भिजली. त्यानं बायामाणसं ओढून वर काढली, आणि घटकाभरात पाण्यानं ताट्या नेल्या. त्या दिवसापासून खुंटीले कोणी हसलं नाई.

मी हसत राह्यलो. खरं सांगतो. माझा आजा या नदीत पोहला, माझा बाप पोहला, मी पोहलो. ही नदी काय करते ते मले उत्तरेतून आलेल्या माणसानं सांगावं? मी म्हणायचो, योगायोग. वर्षानुवर्षं म्हणत राह्यलो. गावात लोक पाण्याचं काही विचारायचं तर त्याले विचारू लागले होते, मले नाई. ते मले सलत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहून राह्यलो.

यंदाच्या टरबुजांची शेवटची तोड होती. गाडी ठरलेली, बाजार ठरलेला. आदल्या संध्याकाळी नदी येते त्या अंगाले, उत्तरेकडं, आभाळाचा रंग जांभळा होता, वारा पडलेला. सकाळी रामधनी खुंटी ठोकून उभाच राह्यला. म्हणाला, "आज नहीं तोड़ेंगे भैया. उधर बरसा है."

मी म्हटलं, "तिकडं बरसलं तर इकडं काय? अर्धा माल बेटावर पडला हाय."

"पानी का रंग देखो."

"तीस वर्षं झाले रामधनी, अजून भेतं का? या गावानं तुले एवढं दिलं, माझी एक तोड नाई होत तुझ्यानं?"

हे मी बोललो. त्याच्या तोंडाकडं पाहून बोललो. तो म्हणाला, "ठीक है. जब तक खुंटी सूखी, तब तक तोड़ेंगे." टोपलं उचललं आणि पोटरीभर पाण्यातून बेटावर गेला. फुलमती अलीकडं माल रचत होती.

पहिली खेप गाडीत भरून झाली तेव्हा मी पाण्याशी हात धुवायले गेलो. खुंटीचं बूड भिजलं होतं. बोटभर. मी मागं पाह्यलं. फुलमतीची पाठ माझ्याकडं होती, रामधनी बेटावर वाकलेला. त्यानं मान वर केली असती तर तोड तिथंच थांबली असती. मले वाटलं, बोटभर पाण्यानं काय होते. मले वाटलं, आज याचा चौकीदार खोटा पडू दे एकदाचा. मी खुंटी उपटली, दोन हात वर कोरड्या रेतीत दगडानं ठोकली, पायानं रेती सारखी केली, आणि गाडीत बसून कारंजाले निघून गेलो.

पुढचं मी पाह्यलेलं नाई. फुलमतीनं सांगितलं तेवढंच माहीत आहे. पाणी हळूहळू गढूळ होत गेलं तेव्हा तिनं हाक मारली, "चले आओ." त्यानं बेटावरून लाल चिंधीकडं पाह्यलं. हात वर केला, "सूखी है!" आणि पुन्हा वाकला. जराशानं पुन्हा पाह्यलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाह्यची वेळ आली नाई. नदीच्या वरच्या अंगानं आवाज आला, ट्रक घाटातून उतरताना येते तसा.

तिसऱ्या दिवशी खाली बाभळीच्या बनात सापडला. गावात कोणाची चूल पेटली नाई. फुलमतीच्या घरापुढं जागा पुरेना, एवढं गाव बसलं होतं. सगळे एकच म्हणत होते, "त्याची खुंटी कधी चुकली नाई, यंदाच कशी चुकली?" मी तिथंच बसलो होतो. मी म्हटलं, "नदीचा काय भरवसा." लोकांनी माना हलवल्या. तीस वर्षांनी गावानं पाण्याचं माझं ऐकलं.

पूर उतरला तर खुंटी जागेवर उभी. टरबुजं गेली, ताट्या गेल्या, खुंटी राह्यली. मी रागानं ठोकली होती, खोल गेली होती. फुलमतीनं दोन्ही हातांनी हलवून हलवून काढली आणि माझ्या घरी घेऊन आली. म्हणाली, "बहुत गहरी गाड़ी थी उन्होंने. कभी इतनी गहरी नहीं गाड़ते थे." मी खुंटी हातात घेतली. मग म्हणाली, "अगले साल से तुम गाड़ना भैया. और किसी पे भरोसा नहीं."

तिचा भाऊ तिले न्यायले आला आहे. तिकडं चार माणसं आहेत, म्हणते चल. ती तयार नाई. त्याले सांगते, "जिस गाँव ने कभी धोखा नहीं दिया, उसको काहे छोड़ें?" पोर आणि सून वाडी पुन्हा करणार म्हणतात. दिवाळीनंतर रेती उघडी पडली की नाल्या खोदणार. तिनं जावं की राहावं हे मी सांगणारा कोण? पण ज्या भरवशावर ती राहून राह्यली तो भरवसा मी दोन हात सरकवलेला आहे. ते तिले माहीत असावं, मग तिनं ठरवावं.

तीनदा सांगायले गेलो. तीनही वेळा तिनं पाट दिला, चहा दिला, म्हणाली, "भैया, दुबला गए हो." चहा पिऊन परत आलो. तोंडानं होत नाई माझ्यानं. तिची सून दर रविवारी तिले पेपर वाचून दाखवते, आणि त्यातली ही रविवारची पुरवणी आधी वाचते, म्हणून इथं लिहिलं. पोरी, अडखळू नको. सगळं वाच. माझी करणी आली म्हणून मधात थांबू नको.

ज्या रविवारी हे छापून येईल त्या रविवारी मी वावरात जाणार नाई. दार उघडं ठेवून ओसरीत बसून राहीन. कोणी येवो, गाव येवो. खुंटी दाराशीच उभी केलेली आहे, लाल चिंधी तशीच बांधलेली. रोज सकाळी उठलो की आधी वाकून तिच्या बुडाले हात लावून पाह्यतो.

कोरडीच असते.