नावेची उलार

१९८४ च्या संक्रांतीला आम्ही सौंसरजवळच्या तलावात शिडाची छोटी नाव सोडली. खर्च सहाशे दहा रुपये. हजर मी, माझा धाकटा भाऊ आणि नाव बनवणारा सुतार. गोदीतली नोकरी सुटून गावी आल्यापासून भाऊ घरात कोणाशी बोलत नव्हता. नावेच्या नादाने तो जरा बोलू लागला, म्हणून मी खर्चाला नाही म्हटलं नाही.

भाऊ सुकाणूवर होता, मी शिडाच्या दोरीशी. वारा वाढला तशी नाव आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवू लागली. भावाने सुकाणू दोन्ही हातांनी ओढून धरलं.

काठावरून सुतार ओरडला, “गाडी उलार होऊन राहिली! वजन पुढं घ्या! गोदीत हेच शिकले का?”

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं, त्याला आम्ही उलार म्हणतो. मला सुताराचं पटलं. मी वाळूची पोती पुढे ओढली आणि तिथेच बसलो.

“दादा, मांगं या! नाक दबलं तर ती अजून वळते!”

“तू सुकाणू सांभाळ,” मी म्हणालो.

नाक रुतलं, नाव गर्रकन वळली आणि कलंडली. पाणी छातीइतकंच होतं, पण शिडाची काठी मोडली आणि जवळच मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराचं जाळं फाटलं.

मी खिशात हात घातला, तेव्हा भावाने तो धरला. “सुकाणू माझ्या हातात होतं,” एवढंच तो बोलला, आणि आपल्या शेवटच्या पगारातले नव्वद रुपये त्याने मच्छीमाराला दिले.